सत्तेचाळीस नंबरची गाडी

८ जानेवारी, मंगळवार

ही वही डुएनने नाताळात दिली. म्हणाला, "रोज मला जे सांगतेस ते हिला सांग. ही मध्येच घोरणार नाही." चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने दिलेली ही सगळ्यात प्रामाणिक भेट.

तर सांगते. अधीक्षक हॅवरकँप यांनी आज बोलावून घेतलं. मी चालवते त्या जिल्ह्याच्या शाळेनंतरच्या वर्गासाठी सॉफ्टवेअर निवडायचं आणि अकरा फेब्रुवारीला शाळा मंडळाच्या सभेत नाव सांगायचं. हजेरी, खाऊ, कोण कुणाबरोबर घरी गेलं, सगळं टॅबवर. समितीत आम्ही तिघं: ते स्वतः, मी आणि चेलो. ते स्वतः म्हणजे कुणीच नाही. चेलो म्हणजे कन्सुएलो बारिएंतोस. सीडर स्ट्रीट शाळेच्या कँटीनच्या दारावर चौदा वर्षं उभी असते, आणि तितकीच वर्षं माझी मैत्रीण आहे.

"ऑक्टोबरसारखं पुन्हा व्हायला नको," साहेब म्हणाले.

"अजिबात नको," मी म्हटलं.

ऑक्टोबरचं एकदाच लिहून टाकते म्हणजे सुटले. आमच्याकडे प्रत्येक कुटुंबाला मोठा आकडा लिहिलेलं पिवळं कार्ड मिळतं. ते गाडीच्या आरशाला लटकवायचं. गाडी रांगेत पुढे आली की दारावरचं माणूस वॉकीटॉकीवर आकडा सांगतं आणि आतून मूल बाहेर येतं. त्या दिवशी एकतीस नंबर घेऊन टेसाच्या आईचा जुना मित्र आला. त्यांचं फाटून सहा महिने झाले होते, कार्ड मात्र त्याच्या ट्रकमध्येच राहिलं होतं. दारावरच्या माणसाने आकडा पाहिला आणि पोरगी दिली. दोन तासांनी ती शेजारच्या गावात आइस्क्रीम खाताना सापडली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण ते दोन तास.

अहवाल मी लिहिला. "दारावरील कर्मचाऱ्याने केवळ क्रमांक पाहून मुलीस सोडले." व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही.

हे लिहिण्याआधी स्वयंपाकघरातले सगळे ड्रॉवर उपसून पुन्हा लावले. एका जागी बसवतच नाही हल्ली.

१६ जानेवारी, बुधवार

आज दोन कंपन्यांची प्रात्यक्षिकं झाली. नावं इतकी सारखी की मी त्यांना पडद्याच्या रंगाने ओळखते. एक निळं, एक हिरवं.

निळ्याचा ट्रेंट नावाचा पोरगेला विक्रेता डोनटचा खोका घेऊन आला. त्याच्या निळ्यात आईबापांनी एकदा येऊन सरकारी फोटो-ओळखपत्र दाखवायचं, टॅबसमोर चेहऱ्याचा फोटो काढून घ्यायचा. मग रोज दारात तोच चेहरा दिसला तरच खूण येते. खूण नाही तर टॅब मूल सोडू देत नाही. "कुणी कितीही गयावया करू दे," ट्रेंट म्हणाला, "दारावरच्या माणसाला काही ठरवावंच लागत नाही."

काही ठरवावंच लागत नाही! मला तर त्याला मिठीच मारावीशी वाटली.

चेलोने तोंडातला घास गिळून विचारलं, "आणि ज्यांच्याकडे असलं ओळखपत्र नाही?"

"सगळ्यांकडे असतं की."

"हो का? आणि ते फोटो जातात कुठे?"

"आमच्याकडे. एकदम सुरक्षित."

"तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

ट्रेंट हसला आणि कागद चाळायला लागला. चेलोने दुसरा डोनट उचलला. ही कधी कधी उगाच फाटे फोडते.

हिरव्यावाली बाई आयोवातून पडद्यावर आली. तिचा कुत्रा भुंकत होता. तिच्या हिरव्यात घरच्यांनी फक्त नावं लिहून द्यायची, कुणी कुणी न्यायला आलं तर चालेल ती. दारावरच्या माणसाने चेहरा बघून दोनपैकी एक बटण दाबायचं: "ओळखते" किंवा "ओळखत नाही". झालं! म्हणजे पुन्हा सगळं माणसाच्याच गळ्यात. दुधाने तोंड पोळल्यावर ताकसुद्धा फुंकून प्यावं, ही बाई तर पुन्हा उकळतं दूधच पुढे करते.

मी निळ्यासाठी हात वर केला. साहेबांनी माझ्याकडे बघून वर केला. चेलो नॅपकिनला बोटं पुसत होती.

निळं दोन आठवडे फुकट वापरून बघायला मिळणार. सीडर स्ट्रीटवर अठ्ठावीसपासून.

२२ जानेवारी, मंगळवार

कँटीनमध्ये आज खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचा रोल. नेहमीप्रमाणे चेलोने तिचा अर्धा रोल मला दिला, मी माझं चीज तिला.

म्हणाली, "शुक्रवारी दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जाऊ का? ऑक्टोबरमध्ये अर्धं राहिलं होतं. आठवतं ना तुला?" आणि बघत राहिली माझ्याकडे.

"जा की," मी म्हटलं. हिच्या दाढांचा हिशोब मी कुठे ठेवू?

नंतर भांडारातल्या रंगखडूंचे डबे रंगांप्रमाणे लावले. साडेचारशे खडू.

२८ जानेवारी, सोमवार

निळ्याचा पहिला दिवस. मी स्वतः दारावर चेलोच्या शेजारी उभी राहिले. टॅब स्टँडवर, समोर फोटोसाठी पांढरा कागद चिकटवलेला, बाजूला इंग्रजीत 'स्वागत' आणि स्पॅनिशमध्येही तेच, मीच रंगवलेलं. कुणाला परकं वाटू नये म्हणून.

मला सगळ्यात जास्त उत्सुकता होती सत्तेचाळीस नंबरची. ही एक तपकिरी व्हॅन आहे. हेरिबेर्तो नावाचे म्हातारे गृहस्थ चालवतात आणि एका कार्डावर सहा पोरं घेऊन जातात. सहा! त्यातलं एक त्यांचं नातवंड, बाकी पाच शेजारची. आईबाप मांसाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. आमच्या व्यवस्थेतलं हे सगळ्यात मोठं भोक, असं मी समितीच्या टिपणात लिहिलंसुद्धा आहे.

हेरिबेर्तो आले, टोपी काढून रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढच्या बाईचा फोटो काढत होतो ते त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "गाडी चुकीच्या जागी लावली वाटतं, हलवून येतो." गेले ते आलेच नाहीत. म्हातारपणी विसरायला होतं. सहा पोरं सव्वासहापर्यंत बसून राहिली. शेवटी चेलोने वॉकीटॉकी माझ्या हातात ठेवली, "मी शौचालयात जाते," म्हणाली, आणि दहा मिनिटांनी परत आली तेव्हा पोरं मागच्या दाराने गेलेली होती. मी टॅबवर "अन्य" असं नोंदवलं.

आज हजर: एकाहत्तर.

३१ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस थंडीमुळे शाळा बंद. बाहेर उणे पंचवीस. डुएनने बर्फ फेकायचं यंत्र सुरू करायला तासभर झटापट केली आणि शेवटी फावडं घेतलं. "यंत्रं!" एवढंच म्हणाला.

४ फेब्रुवारी, सोमवार

हजर: अठ्ठावन्न. शुक्रवारी त्रेसष्ट होते. सरासरी साठच्या खाली गेली तर राज्याचं अनुदान जातं, आणि अनुदान गेलं की वर्ग बंद. एवढं साधं आहे ते.

थंडी आहे. फ्लू आहे. ट्रेंटला फोन केला तर म्हणाला, सुरुवातीला थोडी घट सगळीकडेच दिसते. मला बरं वाटलं. मग फोन ठेवल्यावर वाटेना.

सत्तेचाळीसची सहाही पोरं शुक्रवारपासून नाहीत. त्यातली यारेली तिसरीत आहे. ती कधी चुकत नाही. बुद्धिबळात मला हरवते आणि वर "वाईट वाटून घेऊ नका हं" म्हणते. तिच्या आईला, ओफेलियाला, फोन केला. "फोटो नको," ती म्हणाली. मी म्हटलं, "अहो, दोन सेकंदांचं काम." ती पुन्हा म्हणाली, "फोटो नको, बाई. यारेली बरी आहे. धन्यवाद." आणि फोन बंद. दुसरी पाळी करून आल्यावर कुणाला आवडेल फोटो काढून घ्यायला? मी तिला सांगणार होते की कुणी सुंदर दिसायची अट नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

लिहावं की नाही? डुएन ही वही वाचत नाही. तो बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल सोडून काही वाचत नाही.

ऑक्टोबरमध्ये दारावर मी होते.

चेलो अर्धी रजा घेऊन गेली होती, तिच्या जागी मी. एकतीस नंबर दिसला, आकडा सांगितला. त्या माणसाकडे मी पाहिलंही नाही, मी खाऊची यादी बघत होते. अहवालात "दारावरील कर्मचारी" लिहिलं. खोटं नव्हतं ते. साहेबांनी आपणहून धरलं की चेलोच. चेलोला सुरक्षिततेचे सहा तासांचे व्हिडिओ बघायला लावले. तिने बघितले. मी उद्या सांगते, उद्या सांगते करत चार महिने काढले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलंय.

तिला कदाचित आठवतही नसेल की ती रजेवर होती.

आज हजर: चोपन्न.

६ फेब्रुवारी, बुधवार

कोटही न काढता लिहायला बसले.

पावणेचारला बँकेतून परत येताना हायवेच्या कडेला यारेली दिसली. एकटी चाललेली. हातमोजे नाहीत, हातांवर मोजे चढवलेले, पायात घालतात ते. शेजारून गुरांचे ट्रक सुसाट जात होते. गाडी थांबवली, दार उघडून तिला आत घेतलं. मुलांना आपल्या गाडीत घ्यायचं नाही हा आमचा नियम आहे आणि तो मीच लिहिलाय.

"रोज चालत जातेस?"

"तिसरीतली मुलं सही असेल तर जाऊ शकतात," ती मला समजावत म्हणाली. "आईने सही केलीय. तुमच्याच कागदावर."

ती ट्रेलरच्या, म्हणजे पत्र्याच्या फिरत्या घरांच्या वस्तीत राहते. आपल्या घरी नाही, हेरिबेर्तोंच्या घरी घेऊन गेली. आत बाकीची पाचही पोरं. हीटर बिघडलेला, म्हणून ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं ठेवलेलं, आणि त्याच्यासमोर खुर्च्या मांडून सगळे अभ्यास करत होते. सगळ्यात धाकट्याची पेन्सिल ओव्हनच्या दारावर पडली आणि तो ती उचलायला वाकला. मी ओरडले. हेरिबेर्तोंनी त्याचा सदरा धरून मागे ओढलं. सवयीने, न बघता.

"कॉफी घ्या बाई," ते म्हणाले. "इथे हजेरी लावत नाही."

सगळे हसले. मीही हसले आणि मग मला रडूच फुटलं. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. निघताना मी म्हटलं, "त्या दिवशी गाडी हलवायला गेलात आणि विसरलात ना?"

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "हो, विसरलो."

ते विसरले नव्हते. एवढं कळायला मला ओव्हनपर्यंत जावं लागलं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

चेलोला भांडारात गाठलं. "त्यांना कॅमेऱ्याची लाज वाटते का गं?"

"लाज?" ती म्हणाली. "अगं बाई, भीती वाटते. सगळ्यांच्या खिशात तुझ्यासारखं या देशाचं ओळखपत्र नसतं. आणि ज्यांच्या असतं त्यांच्या घरात कुणातरी एकाच्या नसतं. तो फोटो जातो कुठे, सांग. ट्रेंटला सांगता आलं नाही. मी विचारलं होतं."

"मग समितीत बोलली का नाहीस?"

"मी? मी सहा तासांचे व्हिडिओ बघितलेली बाई. पोरगी भलत्याच्या हातात देणारी. माझं कोण ऐकतंय?"

खडूंच्या डब्यांकडे बघत मी म्हटलं, "चेलो, ऑक्टोबरमध्ये..."

"ऑक्टोबरमध्ये मी दाताच्या डॉक्टरकडे होते. पावती आहे माझ्याकडे. हवी का तुला?"

मी एक डबा उचलला आणि परत ठेवला.

"मला वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. नाताळात तुझ्या घरून केक आला, वाटलं आत चिठ्ठी असेल. केकच होता."

"तू साहेबांना का नाही सांगितलंस?"

"कारण तुला काढलं असतं. आणि तुझ्या जागी येणाऱ्याला या सत्तर पोरांतली सात नावं तरी माहीत असती का? पण राग नाही असं समजू नकोस. राग आहे. खूप आहे." तिने पाण्याचा जार उचलला. "सोमवारी सभा आहे. तिथे सांग. मला सांगून काय उपयोग, मला माहीतच आहे. आणि एक. ट्रेलरमधल्या कुणाचं नाव तोंडातून बाहेर काढायचं नाही."

१२ फेब्रुवारी, मंगळवार

काल सभा झाली. सकाळी उठून आधी खिडक्या पुसल्या, मग लिहायला बसले.

मंडळासमोर बोलायचं तर चिठ्ठी भरून द्यावी लागते आणि तीन मिनिटं मिळतात. समोर तीन दिवे असतात. हिरवा, पिवळा, लाल. साहेबांना वाटलं मी निळ्याची शिफारस वाचणार. कागद हातात तोच होता.

"माझं नाव मार्लिस ड्वोराचेक," मी म्हटलं. "ऑक्टोबरमध्ये टेसाला ज्या बाईने सोडलं ती मी. चेलो त्या दिवशी रजेवर होती. मी अहवालात माझं नाव लिहिलं नाही. भित्री आहे म्हणून."

कुणीतरी खुर्ची सरकवली. टेसाची आई तिसऱ्या रांगेत होती. तिच्याकडे मी बघू शकले नाही, पण म्हटलं, "मला माफ करा," आणि ते तिलाच होतं.

"चेलो दारावर असती तर हे झालंच नसतं. ती आधी चेहरा बघते, मग आकडा. मी फक्त आकडा पाहिला. आता माझ्या चुकीची शिक्षा म्हणून आपण तिच्या डोळ्यांना कुलूप घालतोय. निळं आल्यापासून पोरं कमी होत चाललीत. शुक्रवारी एकोणपन्नास होती. न येणारी घरी जातात, एकटी, हायवेच्या कडेने, या थंडीत. का ते मी सांगणार नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलंय. मला हिरवं हवंय. त्यात माणूस चुकू शकतं, मला चांगलंच माहीत आहे. पण कोण चुकलं ते तरी कळतं."

लाल दिवा लागला तेव्हा मी उभीच होते. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे चार महिने आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "आत्ताच सांगितलं, साहेब. भित्री आहे म्हणून."

पाच विरुद्ध दोन. हिरवं, मे महिन्यापर्यंत. मला नोकरीवरून काढलं नाही, पण दारावर उभं राहायचं नाही, नोकरीच्या फाइलमध्ये ताकीदपत्र जाणार आणि सहा तासांचे व्हिडिओ बघायचे. चेलोच्या फाइलमध्ये ऑक्टोबरात घातलेलं ताकीदपत्र काढून टाकणार. टेसाची आई माझ्याशी न बोलता निघून गेली. तिचं बरोबर आहे.

चेलो मागच्या रांगेत होती. बाहेर आले तर तिची गाडी गेलेली.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

व्हिडिओ संपवले. तिसऱ्या तासाला एक माणूस तेच वाक्य चार वेळा सांगतो: "व्यक्तीकडे पाहा." चेलोने हे चार वेळा ऐकलं, तेही माझ्यासाठी. खुर्चीवर बसवेना, उभी राहून बघितलं.

कँटीनमध्ये चिली होती. चेलोने पूर्ण रोल स्वतः खाल्ला. माझं चीज मी डब्यात परत ठेवलं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

हिरवं सुरू झालं. घराघरांतून चिठ्ठ्या आल्या, कुणी किराणाच्या पावतीमागे लिहिलेल्या, एक चक्क रुमालावर. चेलो दारावर बसून टॅबवर नावं भरते आणि मी आतल्या मोरीपाशी सफरचंदं चिरते. कामापुरतं बोलते माझ्याशी. "सुरी", "बर्फ", "दोन जास्त".

तपकिरी व्हॅन आली. हजर: सहासष्ट.

डुएनला विचारलं, एखादं माणूस किती दिवस रागावलेलं राहतं? म्हणाला, "माझा भाऊ एकोणीस वर्षं होता. पण तो ट्रॅक्टरचा मामला होता." संध्याकाळी अवजारांची पेटी घेऊन तो कुठेतरी गेला. हेरिबेर्तोंकडे हीटर दुरुस्त करायला, हे मला तो परत आल्यावर कळलं.

१ मार्च, शुक्रवार

व्हॅनची बॅटरी बसली. पाच पोरांना कुणी ना कुणी घेऊन गेलं. यारेली राहिली. साडेपाचला ओफेलियाचा कारखान्यातून फोन आला. चेलोने तिची चिठ्ठी काढून पाहिली, मग मोरीपाशी येऊन माझ्यासमोर धरली. तीन नावं होती. पहिलं हेरिबेर्तो. दुसरं चेलो. तिसरं माझं, चुकीच्या स्पेलिंगचं, खाली रेघ मारलेलं.

"मला साडेसहापर्यंत हलता येत नाही," चेलो म्हणाली. "न्यायची तर नियमाने न्यायची. गाडी काढ आणि रांगेत ये."

मी कोट घातला, मागच्या बाजूने गाडी काढली, पूर्ण इमारतीला वळसा घालून रांगेत लागले. पुढे सहा गाड्या. माझ्या आरशाला कार्ड नाही. मी पाठ ताठ करून बसले, तिसरीतल्या पोरीसारखी.

माझी पाळी आली. काच खाली केली. चेलो दारात, टॅब छातीशी धरलेला.

"नंबर?"

"नाही."

"ओळखपत्र?"

"पर्समध्ये आहे. काढू?"

तिने वाकून खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. चौदा वर्षांत ती माझ्याकडे एवढा वेळ कधी बघत राहिली नसेल. मी खाली बघणार होते, पण बघितलं नाही.

मग ती सरळ झाली आणि टॅबवर बोट टेकवलं. पडदा तिच्याकडे होता. दोनपैकी कुठलं बटण दाबलं ते मला दिसलं नाही.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि यारेली बाहेर आली. तिच्या हातात नॅपकिनमध्ये गुंडाळलेला अर्धा दालचिनीचा रोल होता. "हा माझा नाही," ती म्हणाली. "तुम्हाला द्यायला सांगितलाय."